विष उताराकडेच वाहते
तंजावरची भातखाचरे, कीटकनाशके आणि ‘अडाणी शेतकऱ्या’चे मिथक

विहिरीच्या पाण्यात विष सापडो, फवारणी करणारा मजूर बांधावरच कोसळो, की कालव्यातील मासे पालथे होऊन वर येवोत. सरकारी खाते आणि औषध कंपन्या या दोघांच्या मुखातून एकच उत्तर बाहेर पडते. शेतकरी अडाणी आहे! त्याने मात्रा अधिक वापरली, डब्यावरील सूचना वाचली नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. औषध निर्दोष, कायदा निर्दोष, कारखानदार निर्दोष. दोषी काय तो चिखलात उभा असलेला माणूस. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले, तेव्हाही महाराष्ट्राने हेच उत्तर ऐकले.

हे उत्तर खोटे आहे. ते का खोटे आहे, हे समजून घ्यायचे तर शेतात टाकलेले विष माती, पाणी आणि हवा यांतून कोठे जाते याचा माग काढला पाहिजे. त्यासाठी कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाइतकी बोलकी भूमी देशात क्वचितच सापडेल.

मराठी वाचकाच्या मनात तंजावर म्हटले की भोसल्यांची गादी आणि सरफोजीराजांचा सरस्वती महाल उभा राहतो. परंतु राजवाड्याच्या भिंतीपलीकडे आणखी एक तंजावर आहे. ते आज तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिणम आणि मयिलाडुतुरै अशा जिल्ह्यांत विभागले गेले आहे. मिरासदार, मठ आणि देवस्थाने यांच्या अफाट जमिनी आणि त्या कसणाऱ्या दलित शेतमजुरांच्या चेऱ्या, अशी त्याची शतकानुशतकांची घडण आहे. पाणी आणि विष यांची कथा याच तंजावरची आहे.

१९६८ : एका वर्षातील तीन घटना

१९६०-६१ मध्ये सघन शेती जिल्हा कार्यक्रमासाठी देशातून जे पहिले सात जिल्हे निवडण्यात आले त्यांत तंजावर होते. रासायनिक खत, सुधारित बियाणे, कर्ज आणि कीटकनाशके यांचा संच एकत्रितपणे शेतकऱ्याच्या हाती द्यावयाचा, ही त्या कार्यक्रमाची कल्पना. १९६६ मध्ये अडुतुरै येथील संशोधन केंद्राचे ‘ए.डी.टी. २७’ हे भाताचे वाण कुरुवै हंगामासाठी आले, आणि त्याच वर्षी फिलिपीन्सहून ‘आय.आर. ८’ जगभर निघाले. उत्पादन वाढले, हे कोणी नाकारीत नाही. प्रश्न आहे तो वाढीव उत्पादनाचा लाभ कोणाकडे गेला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा.

१९६८ या एका वर्षात घडलेल्या तीन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते.

जानेवारीत वाराणसी येथे भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले. मूळचे कुंभकोणमचे, म्हणजे याच त्रिभुज प्रदेशाचे सुपुत्र असलेले डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी तेथे इशारा दिला की कीटकनाशके, बुरशीनाशके आणि तणनाशके यांचा अविवेकी वापर झाला तर निसर्गातील जैविक तोल ढळेल आणि विषाचे अवशेष धान्यातून माणसाच्या शरीरात जाऊन कर्करोगासारखे आजार वाढतील. ज्यांना हरितक्रांतीचे जनक म्हणून मिरवले गेले त्यांचाच हा इशारा होता.

सप्टेंबरमध्ये कीटकनाशक कायदा झाला. त्याची पार्श्वभूमी भीषण होती. १९५८ साली जहाजातून आणताना फॉलिडॉल, म्हणजेच पॅराथिऑन, गव्हाच्या पिठात मिसळून केरळमध्ये शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. तेव्हापासून कायदा होण्यास दहा वर्षे लागली. संमत झालेला कायदा अमलात येण्यास १९७१ उजाडले.

आणि २५ डिसेंबरच्या रात्री, त्या वेळच्या पूर्व तंजावरमधील कीळवेण्मणी या गावी, लाल बावट्याखाली संघटित होऊन मजुरीत वाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांच्या वस्तीवर जमीनदारांच्या गुंडांनी हल्ला केला. एका झोपडीत आश्रय घेतलेली ४४ माणसे जिवंत जाळण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. पुढे उच्च न्यायालयात मुख्य आरोपी जमीनदाराची निर्दोष मुक्तता झाली.

शास्त्रज्ञाचा इशारा, संसदेचा कायदा आणि शेतमजुरांची होळी. पहिला विसरला गेला, दुसरा कारखानदारांच्या सोयीने वाकवला गेला आणि तिसऱ्या घटनेने सिद्ध केले की हरितक्रांतीच्या खाचरात कोणाच्या जिवाला किती मोल आहे. तंजावरच्या पाण्यातील विषाचा विचार या तिन्हींना एकत्र ठेवूनच करावा लागतो.

पाण्याचा उतार

कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते. कावेरी आणि वेण्णार हे दोन मुख्य फाटे, १९३४ मध्ये पुरा झालेला कल्लणै कालवा आणि पुराचे पाणी वाहून नेणारा कोळ्ळिडम असे चार मार्ग तेथून निघतात. त्यांना पुढे शाखा, उपशाखा, पाट आणि चर फुटतात आणि सारा प्रदेश एखाद्या पिंपळपानाच्या शिरांप्रमाणे पाण्याने विणला जातो. मेट्टूर धरणाचे दरवाजे परंपरेने १२ जूनला उघडतात. त्या पाण्यावर कुरुवै, नंतर सांबा आणि ताळडी हे हंगाम चालतात.

या रचनेचे एक वैशिष्ट्य शहरातील वाचकाच्या लक्षात येत नाही. येथे पाणी बहुधा एका खाचरातून दुसऱ्या खाचरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे उतरत जाते. वरच्या गावाचा निचरा हाच खालच्या गावाचा पाणीपुरवठा असतो. जो चर वरच्या शेताचे सांडपाणी नेतो, तोच दोन मैलांवर सिंचनाचा पाट बनतो. टेलकडच्या गावातील शेतकऱ्याला मिळणारे पाणी अनेक शेतांतून गाळून आलेले असते आणि त्या प्रत्येक शेताने त्यात काही ना काही सोडलेले असते.

म्हणून ‘माझे शेत, माझी फवारणी’ ही भाषाच या भूमीवर निरर्थक आहे.

चिकटते ते आणि विरघळते ते

कॉर्नेल विद्यापीठाचे डेव्हिड पिमेंटेल यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार वापरलेल्या कीटकनाशकापैकी एक दशांश टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष किडीपर्यंत पोहोचतो. उरलेले सारे माती, पाणी आणि हवा यांच्या वाट्याला जाते. म्हणजे शेतकरी हजार रुपयांचे औषध विकत घेतो तेव्हा किडीसाठी तो एक रुपयादेखील खर्च करीत नाही.

मातीत पडलेल्या विषाच्या दोन जाती असतात. काही रसायने चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात. क्लोरपायरिफॉस हे अशांपैकी एक. लिटरभर पाण्यात ते जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम विरघळते. कृत्रिम पायरेथ्रॉइड्स त्याहूनही अधिक चिकट. दुसरीकडे मोनोक्रोटोफॉस पाण्यात हवे तितके मिसळते आणि मातीला फारसे जुमानत नाही. भाताच्या बांधीत दाणेदार स्वरूपात फेकले जाणारे कार्बोफ्युरान लिटरमागे तीनशे मिलिग्रॅमहून अधिक विरघळते. कंपन्यांचे प्रचारक चिकट औषधाविषयी सांगतात की ते पाण्यात जात नाही, आणि विरघळणाऱ्या औषधाविषयी सांगतात की ते मातीत साठत नाही. दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. जे चिकटत नाही ते पाण्याबरोबर जाते. जे चिकटते ते गाळाबरोबर जाते. चिखलणीच्या वेळी गढूळ झालेले पाणी बांध फोडून चरात उतरते तेव्हा दोघांची वाट एकच होते.

त्यात या मातीचा स्वभाव. कावेरीच्या गाळाची भारी चिकणमाती उन्हाळ्यात वाळून भेगाळते. कालव्याचे पहिले पाणी येते तेव्हा ते मातीच्या कणाकणांतून सावकाश झिरपत नाही. भेगांच्या उभ्या वाटांनी थेट खाली जाते आणि मागील हंगामाचा अवशेष सोबत घेऊन जाते. पुढे चिखलणीने तळाशी घट्ट थर बनतो आणि खोल पाझर मंदावतो हे खरे; परंतु मग पाणी आडवे पाझरते. खेकड्यांनी आणि उंदरांनी पोखरलेले बांध हे काही काँक्रीटचे तट नव्हेत.

पाणथळ जमीन विष पचवते, असा एक शास्त्रीय दाखला दिला जातो आणि तो निराधार नाही. एन. सेतुनाथन यांच्या १९७० च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले की पाण्याखालच्या मातीतील जिवाणू पॅराथिऑन, डायझिनॉन यांसारख्या रसायनांचे विघटन करतात. पण जिवाणूंना त्यासाठी काळ हवा असतो. कॅलिफोर्नियात १९८० च्या सुमारास भातशेतीतील तणनाशकामुळे निचऱ्याच्या कालव्यांत मासे मेले, तेव्हा तेथील शासनाने शेतातील पाणी ठरावीक दिवस, पुढे काही औषधांच्या बाबतीत चार आठवड्यांपर्यंत, शेतातच अडवून ठेवणे सक्तीचे केले. त्यानंतर नदीतील विषाचे प्रमाण झपाट्याने उतरले. तंजावरमध्ये हे कसे व्हावे? पाळीचे पाणी आज आले तर उद्या पुढे सोडावे लागते. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो तेव्हा पीक कुजू नये म्हणून बांध कापावेच लागतात. तेथे डब्यावरील सूचना तोंडपाठ असलेला शेतकरीदेखील पाणी अडवून धरू शकत नाही.

हवेचा मार्ग तर अधिकच फसवा आहे. कोळ्ळिडमच्या उत्तरेस वेळ्ळार नदीच्या खोऱ्यात परंगीपेट्टैच्या परिसरात जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी भाताच्या शेतात बी.एच.सी. टाकून त्याचा माग काढला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की टाकलेल्या औषधापैकी ९९ टक्क्यांहून अधिक भाग उष्ण हवेत उडून गेला. पाण्यावाटे खाडीकडे गेला तो अर्ध्या टक्क्याहून कमी. या उडालेल्या विषाचा पहिला श्वास घेतला तो शेतात वाकलेल्या माणसांनी. शिवाय या बी.एच.सी.मध्ये कीड मारणारा गॅमा घटक सुमारे दहा-पंधरा टक्केच असे. बाकीचा माल किडीच्या दृष्टीने निरुपयोगी, माणसाच्या दृष्टीने घातक. असा माल दशकानुदशके शेतकऱ्यांच्या माथी मारण्यात आला. त्यावर बंदी आली ती १९९७ मध्ये. त्याची जागा घेणाऱ्यांपैकी मोनोक्रोटोफॉस, कार्बोफ्युरान, इमिडाक्लोप्रिड यांसारखी रसायने तशी उडत नाहीत. ती पाण्याची वाट धरतात.

उताराच्या शेवटी कोण राहते?

येथे रसायनशास्त्र संपते आणि समाजशास्त्र सुरू होते. अथवा असे म्हणावे की या भूमीवर दोन्ही एकच आहेत.

सवर्णांचे ‘ऊर’ उंचवट्यावर, दलितांची ‘चेरी’ शेतांच्या कडेला, ही तंजावरच्या गावांची जुनी मांडणी आहे. चेरीचा हातपंप उथळ आणि खाचरांना लागून. लावणी आणि बेणणी ही कामे मुख्यतः स्त्रिया करतात; पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभ्या राहून, दिवसभर, उघड्या हातापायांनी. दाणेदार औषध ज्या पाण्यात विरघळले त्याच पाण्यात. खाचरातील मासळी, खेकडे आणि गोगलगायी हे मजुरांच्या ताटातील फुकटचे कालवण. औषधाने ते मारले किंवा विषारी केले, तर मजुरीत एक पैसाही न घटता मजुराचे अन्न घटले.

डबा मालकाच्या घरी फुटतो. मजुराच्या पाठीवर येतो तो पंप. लाल त्रिकोण डब्यावर असतो, पंपावर नसतो. कापणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी याचा दंडक खाणाऱ्याच्या रक्षणासाठी असतो. परंतु खालच्या खाचरात रोपे लावणाऱ्या बाईला वाचण्यासाठी कोणताच डबा नाही. तिने काहीही फवारलेले नाही. तिने कोणतीही सूचना मोडलेली नाही. तिचा अपराध एवढाच की ती उताराच्या खालच्या टोकाला उभी आहे. ‘अडाणी शेतकरी’ या सिद्धांताने या बाईच्या अंगातील विषाचा खुलासा करून दाखवावा!

तीन युक्तिवाद

पहिला युक्तिवाद ‘सुरक्षित वापरा’चा. हातमोजे, मुखवटा आणि प्रशिक्षण यांची आवश्यकता आहेच, आणि ती साधने देण्याची जबाबदारी मालकाची व कंपनीची आहे. परंतु मे महिन्याच्या उकाड्यात रबरी पोशाख घालून कोणी काम करू शकत नाही, हे कंपन्यांना ठाऊक नाही काय? आणि हातमोज्याने फवारणाऱ्याचा हात वाचेल. चरातील पाणी कसे वाचणार?

दुसरा युक्तिवाद अन्नधान्याचा. औषधे बंद केली तर देश उपाशी मरेल, अशी भीती घातली जाते. अनुभव काय सांगतो? तपकिरी तुडतुडा ही पूर्वी भातावरील किरकोळ कीड होती. सरसकट फवारणीने तिला खाणारे कोळी आणि मित्रकीटक मेले. खोडाच्या आवरणात दडलेली तिची अंडी मात्र वाचली. आणि कीड दुप्पट जोमाने उसळली. १९७३-७४ मध्ये केरळच्या कुट्टनाडमध्ये तिने हाहाकार उडवला. इंडोनेशियात हीच आपत्ती ओढवली तेव्हा तेथील शासनाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशके वापरण्यास मनाई केली, पुढील दोन-तीन वर्षांत औषधांवरील सरकारी अनुदान काढून घेतले आणि शेतकऱ्यांच्या शेतशाळा काढल्या. तेथील भाताचे उत्पादन कोसळले नाही, वाढत राहिले. आणि इंडोनेशियाचे ते शासन समाजवादी होते असे त्याचे शत्रूही म्हणणार नाहीत! तेव्हा अडचण शेतीशास्त्राची नाही, नफ्याची आहे.

तिसरा युक्तिवाद सद्हेतूने केला जातो. त्रिभुज प्रदेशाचेच सुपुत्र जी. नम्माळ्वार यांनी नैसर्गिक शेतीचा प्रचार केला. तिरुत्तुरैप्पूंडीच्या परिसरात ‘नेल’ जयरामन यांनी देशी भाताची शेकडाहून अधिक वाणे जतन केली. त्यांच्या कार्याचा आदर केलाच पाहिजे. परंतु एका शेतकऱ्याने औषध सोडले म्हणून वरच्या पन्नास शेतांतून येणारे पाणी शुद्ध होत नाही. देवस्थानच्या जमिनीवरील कुळ औषध-दुकानदाराकडूनच उधारी घेते आणि त्याचाच सल्ला घेते; त्याच्यापुढे निवड आहे कोठे? व्यक्तीच्या पुण्यकर्माने पाणलोटाचा प्रश्न सुटत नाही. तो सामुदायिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही सामुदायिकच असले पाहिजे.

साठ दिवसांचा कायदा

कायद्याची स्थिती पाहावी. १९६८ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार राज्य सरकार एखाद्या कीटकनाशकावर तात्पुरती मनाई घालू शकते. तिची मुदत मूलतः साठ दिवसांची. कायमची बंदी केंद्राच्या हाती. २०२३ च्या सुमारास तामिळनाडू सरकारने आत्महत्यांना आळा घालण्यासाठी मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, ॲसिफेट, प्रोफेनोफॉस इत्यादी सहा औषधांवर मनाई केली, ती या साठ दिवसांच्या चौकटीतच. भाताचा एक हंगामदेखील साठ दिवसांत संपत नाही!

केंद्राचा कारभार तर विलक्षणच. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई. भातावर मात्र त्याला मोकळीक होती. भाजीवर जे विष ते भातावर औषध! २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनात हेच रसायन मिसळले जाऊन २३ बालके मरण पावली. मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा प्रसिद्ध झाला. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा पूर्ण बंदी मोजक्या रसायनांवरच उरली होती. कायदा बदलण्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत विधेयके मांडली गेली. त्यांतून नवा कायदा निघाला नाही. २०२० मध्येच त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा तामिळनाडूने केला. तेल आणि वायूच्या विहिरींविरुद्ध जनतेने दिलेल्या लढ्याचे ते फळ होते. तो स्वागतार्हच. पण विहिरी खोदणाऱ्यांना रोखणारे हे संरक्षण डब्यातून येणाऱ्या विषाला लागू होत नाही.

जनतेचा रेटा असेल तर काय घडू शकते याचेही उदाहरण आहे. कासरगोडच्या काजूबागांवरील विमान-फवारणीने पिढ्या उद्ध्वस्त झाल्यावर डेमोक्रॅटिक यूथ फेडरेशन ऑफ इंडियाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि मे २०११ मध्ये एंडोसल्फानचे उत्पादन, विक्री व वापर यांना देशभर मनाई झाली. २०१७ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कंपन्यांचे शास्त्र अखेरपर्यंत सांगत होते की दोष औषधाचा नाही.

कार्य कोणते?

हा प्रश्न चर्चासत्रांवर आणि पर्यावरणप्रेमी सज्जनांवर सोपवून चालणार नाही. शेतमजूर आणि किसान संघटनांच्या मागणीपत्रकात मजुरीच्या शेजारीच पाण्याला स्थान मिळाले पाहिजे. अतिविषारी कीटकनाशकांवर देशव्यापी बंदी आणि राज्यांना कायम बंदीचा अधिकार. कालव्याच्या मुखाशी, मध्यावर आणि टेलला, तसेच प्रत्येक चेरीच्या हातपंपावर दर हंगामात सरकारी तपासणी आणि तिचे निष्कर्ष ग्रामसभेत जाहीर करण्याची सक्ती. विषबाधा हा कामावरील अपघात मानून मालक व उत्पादक यांच्याकडून भरपाई. दुकानदाराच्या सल्ल्याऐवजी सरकारी कृषिसेवकांचे पुरेसे जाळे. टेलच्या गावांना पुरेसे आणि वेळेवर पाणी. या मागण्यांवर सधन शेतकरी आणि मजूर यांच्यात संघर्ष होईल, हे उघड आहे. परंतु लहान शेतकरी आणि मजूर यांची एकजूट याच मागण्यांवर होऊ शकते, कारण पंप पाठीवर घेणारा अनेकदा स्वतः दोन एकरांचा धनीही असतो.

हे काम तंजावरपुरते नाही. वऱ्हाडातील कापूस, नाशिकची द्राक्षे, पश्चिम महाराष्ट्राचा ऊस, कोकणातील भात. जेथे उतार आहे तेथे हा हिशेब मांडावा लागेल. प्रत्येक तालुक्यातील सभासदाने आपल्या गावचा पाट कोठून येतो, कोठे जातो आणि त्याच्या खालच्या टोकाला कोणाची वस्ती आहे, एवढे जरी कागदावर उतरवले, तरी लढ्याचा नकाशा हाती येईल.

पाणी उताराकडे वाहते हा निसर्गाचा नियम. उताराच्या खालच्या टोकाला नेहमी श्रमिकाचीच वस्ती असावी, हा नियम माणसांनी केला. कीळवेण्मणीच्या हुतात्म्यांनी तो मान्य केला नव्हता. त्यांच्या वारसांनीही तो मान्य करण्याचे कारण नाही.